श्रावणात लसणाचा वास

आमच्या घरात श्रावण लागला की लसूण स्वयंपाकघरातून बाहेर जातो. अव्वा, म्हणजे माझी आई, स्वतःच्या हातानं टोपली उचलते, जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवते आणि वर गोणपाट टाकते. महिनाभर त्या गोणपाटाला कोणी हात लावत नाही. लहानपणी मला वाटायचं, गोणपाटाखाली काहीतरी झोपलेलं आहे आणि ते उठलं तर आपल्या अंगाशी येईल.

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या घरात लसणाचा वास आला. तो माझ्या बायकोच्या तोंडाला येत होता. तिनं लसूण खाल्लेला नव्हता. हे मला कळलं होतं आणि कळल्यावरही मी नऊ दिवस गप्प बसलो. सांगायचं आहे ते एवढंच. पण एवढंच सांगून थांबलो तर तिच्याविषयी काहीच कळणार नाही, आणि माझी सगळी धडपड तिच्याविषयी लिहायची आहे.

ती करमाळ्याची. तिच्या माहेरी कानडीचा गंध नाही. अव्वा कानडी सीमेवरच्या मैंदर्गीची, तिचं प्रेम मराठीत आणि राग कानडीत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायकोनं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं कानडी शब्द लिहून ठेवले होते, समोर मराठी अर्थ. वर्ष संपता संपता तिनं ते पुसून टाकले. मी विचारलं तर म्हणाली, "आता रागावल्या की लगेच कळतं मला. आधी पाच मिनिटांनी कळायचं, तोवर मी हसतच असायची."

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. बोलणं मला फळ्यापुढेच जमतं. घरी मी कमी बोलतो, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला लोक उगाच शहाणा समजतात. बायको शेंगाचटणी करून विकते. आधी शेजारीपाजारी, मग बचत गट, मग पुण्या-मुंबईला कुरिअर. शेंगदाणे किती भाजायचे हे ती वासावर ठरवते, आणि कांडताना तेल सुटलं की नाही ते आवाजावर. कोरडा आवाज बसका झाला की यंत्र बंद. मी कितीदा कान देऊन ऐकलं, मला तो फरक अजून कळलेला नाही.

श्रावणात ती बिनलसणाची चटणी करते. जिरं थोडं जास्त, मीठ अर्धं साधं नि अर्धं सैंधव. त्या महिन्यात मागणी दुप्पट होते, आणि त्याचं कारण चवीइतकंच अव्वा आहे. पुडी न्यायला येणाऱ्या बायका अव्वाला ओसरीवर बसलेली बघतात आणि म्हणतात, "तुमच्या घरात चालतं म्हणजे बिनघोर." अव्वाचं सोवळंओवळं हाच बायकोच्या श्रावणातल्या पुडीवरचा शिक्का.

वासाच्या त्या श्रावणाआधीच्या वर्षाच्या शेवटी तिला थायरॉईड निघाला. चेहरा सुजायचा, दुपारी चारला ती भिंतीला टेकून बसायची, आणि बसणं तिच्या स्वभावात नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, गोळी सुरू केली. म्हणाल्या, "ही थायरॉईडची, सकाळी उपाशीपोटी. मुख्य हीच. ही दुसरी सेलेनियमची, दिवसाला एक. तीन महिने घेऊन बघू. काहींना उपयोग होतो, काहींना नाही होत."

पहिल्या गोळीत मला करण्यासारखं काही नव्हतं. सेलेनियम मात्र माझ्या हद्दीतलं. आवर्त सारणीत गंधकाच्या बरोबर खाली बसलेलं मूलद्रव्य. मी ते दरवर्षी शिकवतो. मला वाटलं, आपल्या बायकोच्या आजारपणात आपल्याला पहिल्यांदाच काहीतरी कळतंय. स्टाफरूममध्ये तास नसला की मी फोनवर वाचत बसायचो. एक वही केली. तीन रकाने आखले. सेलेनोमेथिओनिन: सेलेनियम अमिनो आम्लात गुंफलेलं, शरीरात मुरतं, साठून राहतं. सोडियम सेलेनाइट: साधा क्षार, स्वस्त, बराचसा लघवीवाटे जातो. यीस्टमधलं सेलेनियम: यीस्ट सेलेनियमवर वाढवतात, म्हणून म्हणे अन्नाच्या सर्वांत जवळचं. कुठलं अंगी लागतं, कुठलं नाही, कोण काय म्हणतं, सगळं टिपलं. वही इतकी देखणी झाली होती की शेजारच्या टेबलावरच्या गणिताच्या मॅडमनी विचारलं, "सर, पीएचडी करताय का?" मी हसलो. मनातून मला ते आवडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी सेलेनोमेथिओनिनची होती. दोन महिन्यांनी मी यीस्टची पिवळी बाटली मागवली. आधीची सुरू होती ती बंद केली नाही. आमच्या घरात चालू गोष्ट अर्धवट टाकत नाहीत, आणि दोन वेगळे फॉर्म आहेत म्हटल्यावर दोन्हींचा वेगळा फायदा होईल असा माझा हिशेब. त्या दिवशी बायकोनं दोन्ही बाटल्या हातात धरून विचारलं होतं, "अहो, ह्या दोन्हीत तेच आहे ना?"

"तसं नाही गं. फॉर्म वेगळे आहेत."

"म्हणजे काय?"

मी तिला दहा मिनिटं फॉर्म समजावून सांगितले. ती ऐकत होती आणि शेंगदाण्यांची फोलपटं पाखडत होती. शेवटी म्हणाली, "बरं. तुम्हाला कळतंय तर तसं." तिनं गोळी घेतली. ते 'बरं' पुढे मला कितीतरी वेळा आठवलं.

उन्हाळ्यात तिचे केस गळायला लागले. थायरॉईडमध्ये गळतातच, मी म्हणालो, आणि केसांसाठी, नखांसाठी म्हणून मिळते ती कॅप्सूल आणली. त्यात बारीक अक्षरांत सोडियम सेलेनाइट होतं. मला ते दिसलं, आणि मनात आलं, चला, उरलेला रकानाही भरला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या भावानं ब्राझील नट्सची मोठी पिशवी आणली. त्यात सेलेनियम भरपूर असतं हे मी वाचलेलंच होतं. रोज पाच-सहा खायला लावले. केस तरी गळतच होते, म्हणून डॉक्टरीणबाईंची सेलेनियमची एक गोळी मी सकाळ-संध्याकाळ अशी दोनदा केली. पिवळी बाटलीही सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरीणबाईंना यातलं काही सांगितलं नाही. तीन महिन्यांनी दाखवायला जायचं होतं, तेही आधी आज-उद्या करत आणि मग आषाढातल्या चटणीच्या गडबडीत पुढं ढकललं.

तोंडाला लसणाचा वास बहुतेक तेव्हापासूनच येत असणार. पण ज्या घरात रोज किलो-दीड किलो लसूण सोलला जातो, तिथं त्या वासाचं कोणाला काय वाटणार? माझ्या शर्टालासुद्धा तो येतो. कॉलेजातली मुलं मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे.

मग श्रावण लागला, टोपली कोनाड्यात गेली, यंत्र गरम पाण्यानं धुऊन काढलं, घर स्वच्छ झालं. आणि वास राहिला.

पहिलं अव्वानंच ओळखलं. तिचं नाक तिच्या कानांपेक्षा तरणं आहे. पहिल्या सोमवारी तिनं नुसतं बघितलं. दुसऱ्या सोमवारी बायको तिच्या शेजारी खपली गव्हाच्या हुग्गीसाठी, म्हणजे खिरीसाठी, गूळ चिरत बसली होती. अव्वा म्हणाली, "याकव्वा? का गं, काय खाल्लीस?"

"काही नाही आई. उपास आहे की माझा."

"वास येतोय."

"कसला?"

"मलाच इचारतीस व्हय? लसणाचा."

बायकोनं हात धुतले, दात घासले, वेलदोडा चघळला. तासाभरानं अव्वा परत म्हणाली, "अजून हाय." बायको हसली. अव्वा हसली नाही. अव्वाच्या डोक्यात काय आलं ते उघड होतं: कोणीतरी लसणाच्या चटणीची ऑर्डर दिली असणार, हिनं ती बाहेर कुठंतरी करून दिली असणार, आणि चव बघितली असणार. श्रावणात.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, स्टाफरूममध्ये मी यीस्ट आणि सेलेनोमेथिओनिन यांची तुलना करणारं एक पान वाचत होतो. खाली, अगदी शेवटी, जास्त झाल्याची लक्षणं दिली होती. तोंडाला धातूची चव. नखं ठिसूळ होणं. केस गळणं. श्वासाला लसणासारखा वास.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग फोन उलटा ठेवला. गंधकाच्या खालचं मूलद्रव्य. लसणाचा वास गंधकामुळं, हे मी फळ्यावर लिहून देतो. त्या दिवशी चौथ्या तासाला नेमका तोच धडा होता. मी तो घेतला नाही, सराव प्रश्न दिले.

घरी येऊन मी काय केलं ते आता लिहितो. पिवळी बाटली उचलली, पावसाळी कोटात गुंडाळली आणि स्कूटरच्या डिकीत तळाशी, पाना-पकडीखाली ठेवली. बायकोला म्हणालो, "यीस्टवाली संपली."

"इतक्यात? परवाच तर नवी फोडली. साठ होत्या की."

"तुझ्या मोजण्यात चूक झाली असेल."

मला वाटलं, एक बंद केली की वास जाईल, वास गेला की विषय जाईल, आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. वास गेला नाही. बाकीच्या बंद करायला काहीतरी कारण लागलं असतं, आणि कारण द्यायचं तर वही उघडावी लागली असती. सर म्हणून घरात माझा जो मान होता तो त्या वहीतच होता.

तिसऱ्या सोमवारी सकाळी ओसरीवर समोरच्या घरातल्या काकू चटणीच्या दोन पुड्या न्यायला आल्या होत्या. बायको आतून हुग्गीचं ताट घेऊन देवघराकडं निघाली. ती अव्वाच्या अगदी जवळून गेली. अव्वा उठली, तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. देवापुढं मी ठेवते. तू भायेरचं बघ."

काकूंनी विचारलं, "काय झालं?"

अव्वा म्हणाली, "न्हाय बाई, काय न्हाय. हिला लसणाबिगर जमंना."

काकूंनी पुड्यांकडं बघितलं. मग त्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "नंतर नेते." नंतर त्या आल्या नाहीत.

मी पायताण घालत होतो. बायकोनं माझ्याकडं बघितलं. ती काही मागत नव्हती. घरातलं दुसरं माणूस आहे म्हणून बघितलं, बस. मला त्या वेळी सगळं माहीत होतं. आणि मी म्हणालो, "खाल्लं असशील तर सांगून टाक ना. हातून होतं एखाद्या वेळी."

ती म्हणाली, "बरं."

आणि आत गेली. यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. मी कॉलेजला गेलो.

त्यानंतरचे तीन दिवस मी जे बघितलं त्याच्यासाठी खरं तर हे लिहितोय. दुसरं कोणी असतं तर रडलं असतं, भांडलं असतं, माहेरी फोन केला असता. तिनं मंगळवारी पुन्हा सगळं धुतलं. यंत्र, डबे, पाटा, हातमोजे, तेलाची बरणी. तेलही नवीन आणलं. संध्याकाळी मला म्हणाली, "अहो, या बघू जवळ. येतोय?" येत होता. मी म्हणालो, "थोडासा."

बुधवारी तिनं दिवसभर फक्त दूध आणि केळी घेतली. चटणीला हात लावला नाही, कांडायला बसली नाही. संध्याकाळी पुन्हा, "येतोय?" येत होता. ती पलंगावर बसली आणि विचार करत म्हणाली, "म्हणजे हाताचा नाही, डब्याचा नाही, जेवणाचा नाही. आतून येतोय."

मी वीस वर्षं प्रयोगशाळेत मुलांना घसा फोडून सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा. इतक्या स्वच्छपणे ते कोणी केलेलं मी बघितलं नव्हतं. आणि ते मी बघत होतो ते उत्तर खिशात ठेवून.

ती नखांकडं बघत होती. "नखं लसूण सोलून सोलून तुटतात असं मला वाटायचं," ती म्हणाली. "पण श्रावण लागून तीन आठवडे झाले. लसूण सोललाच नाही. तरी तुटतायत."

गुरुवारी मी कॉलेजातून आलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर परात होती आणि परातीत तिच्या तोंडात रोज जे जे जातं ते सगळं मांडलेलं. थायरॉईडची गोळी. सेलेनोमेथिओनिनची बाटली. केसांच्या कॅप्सूल. ब्राझील नट्स एका वाटीत मोजून. आणि पिवळ्या बाटलीचं रिकामं खोकं. खोकी ती टाकत नाही. त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर ऑर्डरी लिहिते.

"बसा," ती म्हणाली. "मला फक्त एवढं सांगा. हे सेलेनोमेथि... हे म्हणजे सेलेनियमच ना?"

"हो."

"आणि ह्या कॅप्सूलमधलं सेलेनाइट?"

"तेही."

"आणि यीस्टमधलं?"

"तेही सेलेनियमच. फॉर्म वेगळा."

"फॉर्म राहू द्या. मीठ एकच की मग."

मला कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं, मी तिला फॉर्म समजावले होते त्याच्या दहाव्या हिश्श्यात. बचत गटाच्या प्रशिक्षणात एक बाई पाकिटावरची माहिती कशी छापायची ते शिकवत होत्या. हिनं श्रावणातल्या चटणीच्या पाकिटावर साधं मीठ वेगळं लिहिलं होतं, सैंधव वेगळं, आणि हिशेब करताना फक्त साधं मीठ धरलं होतं. त्या बाई म्हणाल्या, ताई, नावं दोन असली तरी खाणाऱ्याच्या पोटात जाऊन दोन्ही मीठच, बेरीज करून लिहा. तेव्हापासून ती कुठलंही पाकीट हातात आलं की आधी नावाकडं बघत नाही, एका खाण्यात किती आणि दिवसाला किती खाणं, ते बघते.

"इथं बघा," ती म्हणाली. "एका गोळीत दोनशे मायक्रोग्रॅम. तुम्ही दोन सांगितल्या. यीस्टच्या एकीत दोनशे, त्याही दोन. कॅप्सूलमधलं हे. आणि ह्या बियांचं फोनवर बघितलं मी, एकेकीत किती ते पक्कं नाही म्हणतात, पण थोडं नसतं. डॉक्टरांनी किती सांगितलं होतं? एक. एकच गोळी." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "आपण मला खारट केलंय हो."

'आपण' म्हणाली. तुम्ही नाही.

मग तिनं फोनवर जास्त झाल्याची लक्षणं काढली आणि ते वाक्य मला वाचून दाखवलं. श्वासाला लसणासारखा वास. वाचून झाल्यावर तिनं डोळे मिटले आणि खुर्चीला टेकली. थायरॉईड निघाला तेव्हापासून ती तशी टेकायची, पण हे टेकणं वेगळं होतं. म्हणाली, "मी नव्हतं खाल्लं."

"हो," मी म्हणालो. "नव्हतं खाल्लं."

तिला वाटलं मलाही आत्ताच कळलं. मी तसं वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी ती सगळं चटणीच्या पिशवीत भरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी सोबत होतो. बाईंनी एकेक बाटली टेबलावर काढली, बेरजेचा कागद वाचला, आणि चष्म्यावरून विचारलं, "एवढं कोणी घ्यायला सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आधी ती म्हणाली, "आम्हीच घेतलं. कुठला फॉर्म चांगला ते बघत होतो."

"फॉर्म नंतर," बाई म्हणाल्या. "आधी लागतंय का ते बघायचं. मग सगळं मिळून किती जातंय ते. मग फॉर्म. तुम्ही उलटीकडनं सुरू केलंत." मग तिच्या कागदाकडं बघून, "ही बेरीज कोणी केली?"

"मी."

"चांगली केली. माझ्याकडे शिकलेली माणसंसुद्धा बाटल्या आणत नाहीत. नावं सांगतात तोंडी, तीही अर्धी."

रक्त तपासलं, सेलेनियम जास्त निघालं. सगळं बंद, थायरॉईडची गोळी तेवढी चालू. पुढं बाईंनी सांगितलं की आता हे घ्यायचं कारण दिसत नाही, जेवण पुरेसं आहे. श्रावण संपता संपता वास गेला. दिवाळीपर्यंत नखं सरळ वाढली. केसांना जास्त वेळ लागला, पण आले. कपाळाच्या कडेला आलेल्या त्या आखूड, ताठ केसांना ती खोबरेल लावून बसवायची आणि ते परत उठायचे.

मात्र ताट परत आलं नाही. अव्वाला आम्ही सगळं सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गोळीला कसला लसणाचा वास? आमीबी खाल्ल्या गोळ्या." तिच्या मते सुनेनं सापडल्यावर नवऱ्याला हाताशी धरून गोष्ट रचली होती. पुढच्या तिन्ही श्रावणांत सोमवारचं ताट अव्वाच ठेवत आली. हात थरथरतो, हुग्गी सांडते, तरी तीच. बायको स्वयंपाक करायची, ताट वाढून ओट्यावर ठेवायची आणि बाजूला व्हायची. तक्रार नाही. समोरच्या काकू बिनलसणाची पुडी आता दुसरीकडून आणतात, हे तिला माहीत आहे. ती त्यांना संक्रांतीला तिळगूळ देते.

मला चार वर्षं वाटत राहिलं की झालं ते झालं, ती बरी झाली, आता बोलून काय. पण अव्वाचा संशय उभा होता तो माझ्या त्या एका वाक्यावर. 'खाल्लं असशील तर सांगून टाक.' घरातला शहाणा माणूस असं म्हणतो म्हणजे खाल्लंच असणार.

यंदा स्कूटर विकायला काढली. श्रावणाच्या आदल्या आठवड्यात डिकी रिकामी करत होतो. पावसाळी कोट काढला, पाना-पकड काढली, आणि तळाशी पिवळी बाटली. तिला मी विसरलो होतो असं म्हणायला मला आवडेल. शेजारीच कचऱ्याची बादली होती. बायको आत पुड्या बंद करत होती, तिनं बघितलं नसतं.

मी बाटली आत नेली आणि तिच्यासमोर ठेवली.

तिनं ती उचलली, हलवून बघितली. आत गोळ्या वाजल्या. "ही संपली होती ना?"

मी सांगितलं. स्टाफरूम, ते पान, मंगळवार, डिकी. मध्ये गाळलेलं मागे जाऊन परत सांगितलं. ती ऐकता ऐकता पुडीचं तोंड यंत्रात धरून बंद करत होती. एक झाली की दुसरी. मध्येच थांबली.

"किती दिवस?"

"नऊ."

"तिसरा सोमवार त्यातच."

"हो."

"सांगून टाक म्हणालात, ते कळायच्या आधी की नंतर?"

"नंतर. सहा दिवसांनी."

हातातल्या पुडीचं तोंड जास्त तापलं आणि सुरकुतलं. तिनं ती बाजूला टाकली. "दोन दिवस मी तुम्हाला तोंड हुंगायला लावत होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही हुंगत होता."

"हो," मी म्हणालो.

थोड्या वेळानं तिनं नवीन पुडी घेतली. "मला सांगून झालं. आता आईंना सांगा. माझ्यासमोर नको. मी असले की त्या माझ्याशीच बोलतील."

अव्वा ओसरीवर गोणपाट झटकत होती. मी तिच्यापुढं पायरीवर बसलो आणि दुसऱ्यांदा सांगितलं. हे पहिल्यापेक्षा जड गेलं, कारण तिला फॉर्म आणि मायक्रोग्रॅम यांच्या आड लपून सांगता येत नाही. मी म्हणालो, अव्वा, औषध मी चुकीचं दिलं, त्याचा वास होता, मला ठाऊक होतं, आणि मी तुमच्या दोघींच्या मध्ये उभा राहून ती खोटी आहे असं तुला वाटू दिलं.

"म्हंजी तिनं खाल्लं न्हवतं."

"नाही."

"आन् तुला ठावं हुतं."

"हो."

तिनं गोणपाटाची घडी घातली. पुन्हा उलगडली. "मास्तर हाईस की रं तू," ती म्हणाली. आणि गोणपाट घेऊन आत गेली.

पहिल्या सोमवारी मी कॉलेजला निघालो होतो. बायकोनं ताट वाढलं, ओट्यावर ठेवलं आणि सवयीनं बाजूला झाली. अव्वा उठलीच नाही. आतून नुसती म्हणाली, "हुग्गी थंड व्हायलीय. ने की देवापुढं." बायको क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं ताट उचललं. माझ्याकडं बघितलं नाही. मी परत पायताण घालत होतो.

"आन् तू," अव्वा मला म्हणाली, "कॉलेजला नंतर जा. दोन पुड्या घे अन् समोरच्या बाईला दिऊन ये. तुझ्या तोंडानं सांगून ये."

"चार वर्षं झाली अव्वा. त्यांच्या लक्षातही नसेल."

"माझ्या हाय."

बायकोनं देवघरातून येऊन दोन पुड्या माझ्या हातात दिल्या. बिनलसणाच्या. निवडून दिल्या, तोंडं नीट बंद झालेल्या. मी रस्ता ओलांडून गेलो आणि घंटी वाजवली. काकूंनी दार उघडलं, पुड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय सर? मी तर मागवल्या नव्हत्या."

"मागवल्या होत्या," मी म्हणालो. "चार वर्षांपूर्वी. आत येऊ का? थोडं लांबून सांगावं लागेल."